बाबारावांच्या बोटांचं पॅकेज

राकेशच्या दुकानात कुठलाही कम्प्युटर नेला तरी त्यावर औषध एकच होतं. फॉरमॅट. स्क्रीन काळी झाली, फॉरमॅट. प्रिंटर चालेना, फॉरमॅट. एकदा एका माऊसमध्ये मुंग्या शिरल्या होत्या, तेव्हाही त्यानं आधी फॉरमॅट मारला आणि मग माऊस उघडला. वर्ध्यात त्याचं नाव चांगलं होतं. सकाळी दिलेली मशीन संध्याकाळी परत मिळायची आणि नव्यासारखी पळायची. आत पूर्वी जे होतं ते मात्र गेलेलं असायचं.

२००६ च्या ऑगस्टमध्ये बाबाराव ताकसांडे यांची मशीन त्याच्याकडे गेली.

बाबाराव कोर्टासमोर अर्ज टाइप करून देत. चौऱ्याहत्तर सालापासून. आधी लिंबाच्या झाडाखाली, मग टिनाच्या शेडमध्ये. आंजीहून, सेलूहून, सिंदीहून माणसं यायची. वारसाचा अर्ज, फेरफाराचा अर्ज, पोटगीचा अर्ज. माणूस स्टुलावर बसून सांगू लागला की बाबारावांची बोटं सुरू व्हायची. ते कळांकडे बघत नसत. समोरच्या माणसाकडे बघत. त्याचं सांगून व्हायच्या आत कागद रोलरमधून निघालेला असायचा.

२००३ मध्ये वर्ध्यातला टाइपरायटर दुरुस्त करणारा शेवटचा माणूस वारला. त्यानंतर चार महिन्यांनी बाबारावांच्या मशीनवर ‘व’ उमटेनासा झाला. वकीलसुद्धा म्हणू लागले, कम्प्युटरवर करा, मध्येच एक ओळ बदलायची तर पूर्ण कागद पुन्हा कोण मारेल?

तेव्हा दीपमालानं, त्यांच्या थोरल्या मुलीनं, जुने सुटे भाग जमवून त्यांना एक कम्प्युटर बांधून दिला. ती गावातल्या एका कम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. विंडोजवरचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विकत घेणं परवडणारं नव्हतं आणि चोरून टाकलेलं महिन्याभरात व्हायरसनं बसायचं. क्लासमध्ये लिनक्सच्या सीड्या होत्या. फुकट आणि रीतसर. तिनं त्या टाकल्या.

अडचण एकच निघाली. लिनक्सवर मराठी होतं, पण कळांची मांडणी वेगळी होती. बाबारावांनी पहिल्या दिवशी ‘मा. न्यायाधीश साहेब’ असं टाइप केलं आणि स्क्रीनवर भलतंच काहीतरी उमटलं. 

“हे माह्या बोटाचं नाई,” ते म्हणाले.

दीपमालानं इंटरनेटवर शोधलं. कुठल्याशा विद्यार्थ्यानं एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवला होता. जुन्या टाइपरायटरच्या कळा दाबा, मराठी उमटेल. पण तो तयार नव्हता, नुसता सोर्स होता, म्हणजे प्रोग्रामची कच्ची लिखावट. काळ्या पडद्यावर कमांडा मारून तो आपणच बनवून घ्यायचा. तिनं सायबर कॅफेतून फ्लॉपीवर आणला, नालवाडीतल्या घरी आपल्या मशीनवर चार दिवस खटपट केली आणि बनवला. मग बाबारावांच्या मशीनवर टाकला. त्यांनी तीच ओळ पुन्हा टाइप केली. बरोबर आली.  ते स्टुलावरच्या माणसाला म्हणाले, “हं. सांगा.”

दोन वर्षं नीट गेली.

त्या ऑगस्टमध्ये विजेचा झटका बसून मशीन बंद पडली. दीपमाला नोकरीच्या कागदपत्रांसाठी नागपूरला गेली होती. राकेशनं मशीन नेली, फॉरमॅट मारला, बाबारावांच्या टेबलाच्या खणातल्या त्याच लिनक्सच्या सीड्या घातल्या आणि संध्याकाळी मशीन परत आणून ठेवली.

चार दिवसांनी दीपमाला परतली ती थेट शेडवर गेली. बाबाराव खुर्चीवर बसले होते. हात मांडीवर. मशीन चालू होती. समोर कोणी नव्हतं.

“काय झालं बाबा?”

“काई नाई. लोकं आले, वापस गेले.”

“किती?”

“मोजले नाई.”

शेजारच्या दुकानातून राकेश धावत आला. “ताई, मशीन एकदम फर्स्टक्लास आहे. मी सगळं साफ केलं. तुमचं ते मराठीचं सीडीतच नाई, तं मी कोठून आणू?”

“तुले मी काई म्हणलं का?”

“नाई. पण तुमी पाहून कशा राह्यल्या.”

तिनं घरून फ्लॉपी आणली. अर्ध्या तासात प्रोग्राम परत बसला. बाबारावांनी बोटं मोडली आणि कामाला लागले. ती मात्र तिथंच उभी राहिली.

नागपूरला तिचे कागद मंजूर झाले होते. कनिष्ठ लिपिक. नेमणूक गडचिरोली जिल्ह्यात, जानेवारीत रुजू व्हायचं. एसटीनं अख्खा दिवस लागतो. पुढच्या वेळी मशीन बसेल तेव्हा ती इथं नसेल. राकेश मात्र असेल. तो सीड्या घालेल आणि एंटर दाबत जाईल. जे सीडीत आहे ते येईल. जे नाही ते येणार नाही. बाबाराव पुन्हा मांडीवर हात ठेवून बसतील. पंचावन्न वर्षांचा माणूस किती दिवस असा बसेल? एक दिवस शेडला कुलूप लावेल आणि घरी येईल. कारणही सांगणार नाही.

म्हणजे तो प्रोग्राम सीडीतच असायला हवा. तिनं त्या दिवशी हे ठरवलं. 

तिची मैत्रीण आचल हिला ते पहिल्यांदा कळलं सप्टेंबरमध्ये. आचलनं मराठीत एम.ए. केलं होतं आणि ती एका शाळेत तासिकेवर शिकवत होती. ती नालवाडीला आली तेव्हा दीपमाला काळ्या पडद्यासमोर बसली होती. पडद्यावर पांढरी अक्षरं धावत होती.

“हे काय करून राह्यली?”

“पॅकेज बांधून राह्यली.”

“कशाचं?”

दीपमालानं खुर्ची वळवली. “हे पाह्य. हा सोर्स. हा नुसता टाकून देता येत नाई. ह्याच्यासोबत चार कागद लागतात. एकात ह्याचं नाव, काम, आणि हे बनवाले आधी काय काय लागते त्याची यादी. दुसऱ्यात बनवाची रीत. तिसऱ्यात कोणाचा हक्क, कोणाची परवानगी. चौथ्यात कोणत्या तारखेले काय बदललं. मग एक कमांड मारली की मशीन ते सगळं वाचते, प्रोग्राम बनवते, आणि एका फाइलीत बंद करून देते. ते पॅकेज. जगात कोणीबी उघडलं तं सारखंच बसलं पाह्यजे.”

“आणि ते कोणाले द्याचं?”

“हे लिनक्स जे लोक बनवतात त्याईले. ते पाह्यतात, तपासतात, पसंत पडलं तं आपल्या भांडारात ठेवतात. डिसेंबरच्या पंधरा तारखेले भांडाराचं दार बंद. मग त्यातून नवीन सीड्या निघतात.”

“आणि नाई जमलं तं?”

“पुढची सीडी दोन वर्षांनी.”

 आचलला वाटलं होतं, कम्प्युटर म्हणजे बटण दाबलं की होतं.

पहिले एकोणीस दिवस एका ओळीत गेले.

बनवायच्या रीतीचा जो कागद, तो वाचताना मशीन सातव्या ओळीवर थांबायची. ‘मिसिंग सेपरेटर. स्टॉप.’ म्हणजे मधली खूण नाही, थांबा. दीपमालानं ती ओळ पुसली, पुन्हा लिहिली. दुसऱ्याच्या चालत्या पॅकेजमधली ओळ समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. सारखं होतं. तरी थांबायची. टायपिंगच्या परीक्षेत ती जिल्ह्यात तिसरी आली होती. नक्कल करण्यात तिची चूक निघत नसे. म्हणूनच तिला चूक दिसत नव्हती.

तिनं लिनक्स बनवणाऱ्यांच्या ईमेल यादीवर विचारलं, जिथं एकाचं पत्र सगळ्यांना जातं. पोलंडमधल्या तोमाश नावाच्या माणसानं उत्तर दिलं. ती फाइल माझ्याकडे पाठवा. तिनं कॅफेतून पाठवली. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. त्यात एकच शब्द होता. ‘टॅब.’

त्या कागदात कामाची प्रत्येक ओळ टॅबची कळ दाबून आत सरकवायची असते. मोकळी जागा सोडून चालत नाही. दिसायला दोन्ही सारखंच दिसतं. आणि दीपमालाला टायपिंगच्या क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, परिच्छेद सुरू करताना स्पेसबार पाच वेळा. टॅबच्या खटक्याला हात लावला तर बाई पट्टी मारायच्या. नऊ वर्षं तिचा अंगठा आपसूक पाच वेळा पडत होता. ती ओळ उतरवतानाही पडला. प्रत्येक वेळी.

तिनं कमांड मारली. मशीन सातव्या ओळीवरून पुढे गेली.

घरी येऊन ती आईला म्हणाली, “माह्या अंगठ्यानं माह्ये एकोणीस दिवस खाल्ले.” आई म्हणाली, “मंग आता जेवून घे.”

भांडारात पॅकेज टाकायचा हक्क तिला नव्हता. तो जुन्या, ओळखीच्या लोकांनाच असे. तोमाशला तो होता. त्यानं कबूल केलं, तुझं पॅकेज नीट असेल तर मी पाठवीन. पण त्याची नजर कडक होती. हक्काच्या कागदात मूळ लेखकाचं नाव पूर्ण लिही. वर्णन चार ओळींत आण, जाहिरात करू नको. वर्णन आचलनं लिहून दिलं आणि दीपमालानं इंग्रजीत केलं. तोमाश म्हणाला, हे बरं आहे.

दीपमालानं त्याच्याकडे एक गोष्ट मागितली. जो कोणी सीडी टाकताना मराठी निवडेल, त्याला हे पॅकेज न विचारता मिळावं.

तोमाशनं विचारलं, न विचारता का? लोक निवडतील की.

तिनं लिहिलं, आमच्याकडे जो सीडी टाकतो तो फक्त एंटर दाबतो.

तोमाशनं लिहिलं, समजलं.

नोव्हेंबर संपत आला. दीपमालाच्या मशीनवर पॅकेज एका कमांडमध्ये बांधलं जात होतं. तिनं ते पाठवलं. पाच डिसेंबरला कॅफेत तोमाशचं पत्र उघडलं.

‘माझ्याकडे बांधलं जात नाही.’

खाली मशीनची कुरकुर जोडलेली होती. फाइल सापडत नाही, असं काहीतरी. तिनं उत्तर लिहिलं, माझ्याकडे बांधलं जातं. लगेच उलट उत्तर आलं. ‘तुमच्या मशीनवर काहीतरी आहे, जे तुम्ही यादीत लिहिलेलं नाही. कोऱ्या मशीनवर करून बघा. दहा दिवस आहेत.’

कोरी मशीन करायचं एक साधन होतं. पण त्याला शेकडो एमबी इंटरनेटवरून ओढावे लागत. कॅफेतल्या लाइनवर ते महिनाभर चाललं असतं. शिवाय वर्ध्यात तेव्हा दिवसातून सहा सहा तास लोडशेडिंग होतं.

ती कॅफेबाहेर आली. सायकल काढली. कोर्टाकडे निघाली, बाबारावांच्या शेडसमोरून गेली आणि राकेशच्या दुकानासमोर थांबली.

“राकेश, एक मशीन फॉरमॅट करून देजो.”

“कोणती? काय बिघडलं?”

“काईच नाई बिघडलं.”

“मंग काऊन?”

“मले एकदम कोरी मशीन पाह्यजे. तुयासारखी साफ मशीन वर्ध्यात कोणालेच करता येत नाई.”

राकेशनं तिच्याकडे नीट बघितलं. टोमणा आहे की काय, ते त्याला कळेना. “ताई, तुमी अजून ऑगस्टचं धरून बसल्या का?”

“नाई. खरं बोलून राह्यली.”

त्याच्याकडे भंगारातली चार जीबीची एक डिस्क होती. ती त्यानं एका उघड्या मशीनला जोडली, सीडी घातली आणि एंटर, एंटर, एंटर. चाळीस मिनिटांत मशीन कोरी. दीपमालानं यादीतल्या वस्तू सीडीवरून टाकल्या, फ्लॉपीतून पॅकेज काढलं आणि कमांड मारली.

मशीन थांबली. तोमाशकडे जिथं थांबली होती, तिथंच.

राकेश मागे उभा होता. “हे कोणती फाइल मागून राह्यलं?”

दीपमालाला ते नाव वाचताना आठवलं. दोन वर्षांपूर्वी, प्रोग्राम पहिल्यांदा बनत नव्हता तेव्हा, त्याच विद्यार्थ्याच्या पानावर आणखी एक फाइल होती. तिनं ती कॅफेतून आणली, आपल्या मशीनच्या एका कोपऱ्यात हातानं ठेवली आणि विसरली. तिची मशीन राकेशकडे कधी गेली नव्हती. त्यामुळे ती फाइल तिथंच राहिली आणि दर वेळी मुकाट्यानं कामाला येत गेली.

ती फाइल म्हणजे सगळ्याचा जीव होता. कुठल्या कळीनंतर कुठली कळ आली की कुठलं अक्षर उमटायचं, त्याचा तक्ता. जवळपास तीनशे ओळी. आणि त्या फाइलीवर ना नाव, ना परवानगी. विद्यार्थ्याचा ईमेल आता बंद होता. ज्यावर परवानगी नाही ते भांडारात जात नाही. तोमाशला विचारायचीही गरज नव्हती, पण तिनं विचारलं. त्यानं लिहिलं, नाही. आणि खाली लिहिलं, तिच्यावरून उतरवूनही घेऊ नका. नवीन लिहा, किंवा पुढच्या वेळी या.

दीपमाला प्रोग्राम बनवत आली होती. लिहिला कधी नव्हता.

आठ डिसेंबरला शुक्रवार होता. तिनं क्लासमध्ये आठवड्याची रजा टाकली. संध्याकाळी ती आचलकडे गेली.

“दोन दिवस पाह्यजे तुये. वही घेऊन येजो.”

“काय लिहाचं?”

“बाबाचे बोटं.”

टायपिंगच्या पुस्तकात कळांचा तक्ता होता, पण तो एकेका कळीचा. टाइपरायटरवर अक्षर एका कळीनं होत नाही. अर्धं अक्षर आधी, मग काना. वेलांटी अक्षराच्या आधी. रफार नंतर. आणि कोर्टातले टाइपिस्ट आपापल्या युक्त्या करतात. ज्या जोडाक्षराला कळ नाही ते दोन तुकड्यांनी जुळवतात. त्या युक्त्या कुठल्या पुस्तकात नव्हत्या.

शनिवारी सकाळी घरातल्या ओसरीवर जुना टाइपरायटर काढला. कळांवरची अक्षरं केव्हाच झिजून गेली होती. बाबाराव समोर बसले. आचल वही घेऊन एका बाजूला, दीपमाला दुसऱ्या बाजूला.

“बाबा, क्ष कोठी आहे?”

बाबारावांनी कळांकडे बघितलं. बराच वेळ. “मले काय मालूम?”

“तीस वर्षं मारून राह्यले ना.”

“मी कोठं मारतो? बोटं मारतात. त्याईले विचार.”

“मंग बोटाले विचारा तुमी.”

त्यांनी डोळे उचलले आणि समोरच्या भिंतीकडे बघत ‘क्षेत्रफळ’ मारलं. बोटं थांबली की आचल लिहायची. उजवीकडची तिसरी, मग वरची पाचवी, मग काना. मग ‘प्रतिज्ञापत्र’. मग ‘उर्फ’. मग ‘दुय्यम निबंधक’. शब्द सुचेनासे झाले तेव्हा दीपमाला म्हणाली, “बाबा, शब्द नका मारू. अर्ज मारा. एखादा जुना.”

“कोणता?”

“कोणताबी. आठवते तो.”

आणि बाबाराव सुरू झाले. मौजा आंजी, शेत सर्व्हे नंबर अमुक. अर्जदार, वय पंचेचाळीस, धंदा शेतमजुरी. वडील मयत. तीन बहिणी. एका बहिणीची सही हवी, ती रुसलेली आहे. ते एकटेच मारत गेले, तोंडानं हळू बोलत. त्यांना माणसं आठवत होती आणि माणसांसोबत अर्ज. आचल लिहीत होती. मध्येच तिला कळायचं की ती कळा मोजायच्या सोडून ऐकतेय.

“आचल,” दीपमाला म्हणायची.

“हो. वरची दुसरी, मग काना.”

शनिवारी एकोणतीस अर्ज झाले. रविवारी बावीस. रविवारी दुपारी बाबाराव थांबले आणि आपल्या हातांकडे बघून म्हणाले, “एवढं सगळं हे करतात काय?”

“हो.”

“मले वाटे मी नुसतं टाइप करतो.”

वहीची चाळीस पानं भरली होती. सोमवारपासून दीपमालानं ती पानं प्रोग्राममध्ये उतरवायला घेतली. एकेक ओळ. ही कळ, मग ही कळ, तर हे अक्षर. लाइट असेल तेवढाच वेळ. सकाळी सात ते दहा, दुपारी दोन ते सहा. लाइट गेली की ती कागदावर पुढच्या ओळी लिहून ठेवायची, आली की टाइप करायची. एकदा आई म्हणाली, थोडी झोप. दीपमाला म्हणाली, सोळा तारखेले.

मंगळवारी संध्याकाळी ती फ्लॉपी घेऊन राकेशकडे गेली. राकेशनं न विचारता डिस्क पुसली. मशीन बांधू लागली आणि थांबली. एका ओळीत अर्धविराम राहिला होता. तिनं दुरुस्त केला. पुढे यादीतली एक वस्तू राहिली होती. लिहिली. पण आता मशीन कोरी राहिली नव्हती.

“पुन्हा पुस.”

“आता तं पुसली ताई.”

“पुन्हा.”

बुधवारी दुपारपर्यंत राकेशनं ती डिस्क चार वेळा पुसली. त्याची गिऱ्हाइकं बाहेर उभी होती. एकानं विचारलं, ही मशीन कुणाची, एवढी काय बिघडली? राकेश म्हणाला, “बिघडली नाई. हिचा अभ्यास चालू आहे.”

पाचव्या वेळी मशीन बांधत असताना लाइट गेली. राकेशनं इन्व्हर्टरची बॅटरी बाबारावांच्या शेडमधून ओढून आणली. बाबारावांकडे तेव्हा एक माणूस बसला होता. बाबाराव त्याला म्हणाले, “दहा मिनिटं थांबा. पोट्टीचं काम आहे.”

सहाव्या वेळी ओळी खाली धावल्या, धावत राहिल्या आणि संपल्या. कुठंच थांबल्या नाहीत. फाइल तयार होती. दीपमालानं ती त्याच कोऱ्या मशीनवर टाकली आणि उठली.

“बाबा, इकडे या.”

बाबाराव आले. ते उभ्यानंच वाकले आणि ‘मा. न्यायाधीश साहेब’ मारलं. मग ‘क्षेत्रफळ’. मग आपणहून एक अडनिडं जोडाक्षर मारून बघितलं, जे त्या विद्यार्थ्याच्या प्रोग्राममध्ये कधी नीट आलं नव्हतं. ते आलं.

“पह्यले हे येत नव्हतं,” ते म्हणाले.

“आता येते.”

“कोणं केलं?”

“तुमीच नाई का?”

त्यांनी राकेशकडे बघितलं. राकेशनं खांदे उडवले. बाबाराव परत शेडकडे गेले. माणूस थांबला होता.

चौदा तारखेला कॅफेत पहिली फ्लॉपी वाचली गेली नाही. दुसरी वाचली गेली. तिनं पाठवलं आणि स्क्रीनसमोर बसून राहिली. कॅफेवाला म्हणाला, ताई, वेळ चालू आहे. ती म्हणाली, चालू दे. दीड तासानं तोमाशचं पत्र आलं.

‘इथे बांधलं गेलं. पाठवलं. लेखक म्हणून तक्त्यावर दोन नावं दिसतात. ताकसांडे बाबाराव कोण?’

तिनं लिहिलं, माझे वडील. त्यांनी लिहिला.

पंधरा तारखेला भांडाराच्या यादीत तिच्या पॅकेजचं नाव होतं. त्यानंतर दार बंद झालं. आचल तेव्हा तिच्याबरोबर कॅफेत होती. यादीत हजारो नावं होती. दीपमालानं बोट ठेवलं तिथं बारक्या अक्षरात एक ओळ होती. आचलनं एम.ए.ला दोन वर्षं पुस्तकं वाचली होती. पुस्तकाच्या पाठीवर कुणाचं नाव येतं ते तिला ठाऊक होतं. कोर्टासमोरच्या टिनाच्या शेडमधल्या माणसाचं नाव असंही कुठं येतं, हे तिला ठाऊक नव्हतं. दीपमाला उठली आणि म्हणाली, “चाल, बाबाचा डबा द्याचा आहे.”

जानेवारीत ती रुजू झाली. कचेरीत एकच कम्प्युटर होता, तो साहेबांच्या खोलीत. दीपमालाकडे आवक-जावकची नोंदवही आली. एप्रिलमध्ये नव्या सीड्या निघाल्या. राकेशनं त्या टपालानं मागवल्या, कारण जुन्या त्यानं घालून घालून घासल्या होत्या.

जूनमध्ये एक दिवस कचेरीचा फोन वाजला. शिपाई म्हणाला, मॅडम, वर्ध्याहून.

“जय भीम बाबा. काय झालं?”

“जय भीम. काई नाई. तुयी आई विचारून राह्यली, पाऊस लागाच्या आधी येशील काय.”

“येईन. पुढच्या शनिवारी. तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे. आंबे पाठवू काय म्हणे कोणासंगं.”

“नको. मीच येतो तं.” फोनमध्ये मागे प्रिंटरची करकर ऐकू येत होती. “मशीन बरी चालते?”

“चालते. परवा बसली होती, राकेशनं नेली.”

दीपमालानं रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला. “मंग?”

“मंग काय? आणून देली.”

“पुसली असंन त्यानं.”

“पुसली असंन. मी कोठं विचारलं? सकाळपासून सहा अर्ज झाले.” मग ते रिसीव्हर बाजूला धरून कुणाला तरी म्हणाले, “वडिलाचं नाव सांगा. पूर्ण.” आणि परत फोनवर आले. “बाई, ठेवतो. माणूस बसला आहे.”

फोन बंद झाला. दीपमालानं रिसीव्हर जागेवर ठेवला. शिपायानं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? ती म्हणाली, हो, बाबा कामात आहेत. मग तिनं नोंदवही जवळ ओढली आणि राहिलेली पत्रं चढवायला घेतली.